वाढत्या पेठेचें पीक : व्हिएतनामच्या शेतकऱ्यांचा अनुभव

आशिया खंडांतील देश झपाट्यानें संपन्न होत आहेत, शहरें वाढत आहेत, लोकांच्या खाण्यापिण्याच्या आवडी बदलत आहेत, आणि त्यामुळें शेतमालास पूर्वीं कधीं नव्हती अशी मागणी येत आहे, असें आपण वर्तमानपत्रांतून नित्य वाचतों. हें खोटें नाहीं. परंतु दूरच्या पेठेंतील मागणी आणि आपल्या बांधावरचा नफा यांच्यामध्यें पुष्कळ अंतर असतें. मागणी आहे एवढें ऐकून जो लागवड करतो, त्याच्या पदरीं पीक पडतें. नफा पडेलच असें नाहीं. हा भेद नुसत्या विचारानें समजण्यासारखा नाहीं. जो देश ह्या वाटेनें आपल्या आधीं चालून गेला त्याचा अनुभव पाहिला म्हणजे तो चटकन् ध्यानांत येतो. असा देश व्हिएतनाम होय, आणि म्हणून त्याची हकीकत आमच्या वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

व्हिएतनाम देश क्षेत्रफळानें महाराष्ट्राहून किंचित् मोठा असून त्याची लोकवस्ती सुमारें १० कोटि आहे. उत्तरेस तांबड्या नदीचें खोरें, दक्षिणेस मेकाँग नदीचा त्रिभुज प्रदेश, आणि दोहोंच्या मध्यें तांबड्या मातीचें उंच पठार, अशी त्याची साधारण रचना आहे. दीर्घकाळ चाललेलें युद्ध १९७५ सालीं संपलें व पुढील वर्षीं देशाचे दोन्ही भाग एक झाले. त्यानंतर सर्वत्र सामुदायिक शेती करण्याचें धोरण सरकारनें नेटानें चालविलें. जमीन सामायिक, औतें सामायिक आणि धान्याचा भाव सरकारनें ठरविलेला; अशा स्थितींत कोणासहि कष्ट करण्याचा हुरूप राहिला नाहीं. भाताची कोठारें म्हणून ज्या खोऱ्यांची ख्याति, त्या देशास बाहेरून धान्य आणावें लागूं लागलें. १९८६ सालीं महागाई शेंकडा ७०० च्याहि वर गेली होती.

त्याच वर्षाच्या डिसेंबरांत तेथील सरकारनें आपलें धोरण पालटलें. ह्या पालटास त्यांच्या भाषेंत ‘दोई मोई’, म्हणजे नूतनीकरण, असें नांव आहे. १९८८ सालच्या ठरावानें प्रत्येक कुटुंबास स्वतंत्रपणें शेती करण्याची मोकळीक मिळाली. १९९३ सालच्या कायद्यानें जमिनीची मालकी राष्ट्राची ठेवून वापराचा हक्क कुटुंबास दिला. तो हक्क विकतां यावा, गहाण ठेवतां यावा, खंडानें देतां यावा व वारसास मिळावा, अशी तजवीज केली. परिणाम असा झाला कीं, १९८९ सालींच सुमारें १४ लाख टन तांदूळ परदेशीं रवाना झाला. जमीन तीच, पाऊस तोच, नांगर धरणारे हातहि तेच. बदलला तो फक्त कष्टाच्या फळावरील हक्क. आज भारत, थायलंड व व्हिएतनाम हे जगास तांदूळ पुरविणारे प्रमुख देश आहेत. २०२३ च्या जुलैंत भारतानें साध्या पांढऱ्या तांदळाची निर्गत बंद केली, तेव्हां आपलें गिऱ्हाईक व्हिएतनामकडे वळलें व तेथील भाव चढले. एकानें दुकान बंद केलें कीं शेजारच्याची विक्री वाढते, हा पेठेचा नियम देशादेशांनाहि लागू आहे.

येथपर्यंतची हकीकत उत्साहजनक आहे. परंतु आपणांस खरा बोध होतो तो पठारावरील पिकांवरून, कारण तेथें शेतकऱ्यानें पोटासाठीं नव्हे, तर केवळ विक्रीसाठीं लागवड केली.

कॉफीचा चढ आणि उतार

फ्रेंच लोकांनीं एकोणिसाव्या शतकांत कॉफीचें झाड ह्या देशांत आणलें. दाक लाक प्रांत व त्यांतील बुओन मा थुओत हें गांव त्याचें मुख्य ठिकाण. तथापि १९९० च्या सुमारास सबंध देशाचें उत्पन्न एक लाख टनांहून कमीच होतें. १९८९ च्या जुलैंत, कॉफी पिकविणाऱ्या व घेणाऱ्या देशांमधील कराराप्रमाणें चालणारी हिस्सेवांटणी मोडली, आणि वाटेल त्यानें वाटेल तितका माल विकावा अशी मोकळीक झाली. पुढें १९९४ सालीं ब्राझील देशांत कडक हिंव पडून तेथील मळे करपले व जगभर भाव भडकले. ही बातमी पठारावर पोंचतांच लोक कुदळी घेऊन धांवले. सखल मुलुखांतून हजारों कुटुंबें वर चढलीं, रानें तुटलीं, आणि तेथील मूळच्या रहिवाशांच्या हातून पुष्कळ जमीन गेली. दहा वर्षांत उत्पन्न आठ-नऊ लाख टनांवर गेलें, व कोलंबिया देशास मागें टाकून व्हिएतनाम ब्राझीलच्या खालोखाल दुसरा झाला.

पण कॉफीचें झाड लावल्यापासून तिसऱ्या वर्षीं धरूं लागतें व चांगलें उत्पन्न त्यापुढें येतें. चढ्या भावाच्या वर्षीं लावलेलीं सर्वांचीं झाडें एकदमच फळास आलीं. तिकडे ब्राझीलहि सावरला होता. २००१ सालीं जागतिक भाव असा कोसळला कीं, महागाई हिशेबांत धरतां शंभर वर्षांत इतका नीच भाव कोणीं पाहिला नव्हता. वेंचणीची मजुरी निघेना. खताचें व सावकाराचें देणें अंगावर. ज्या हातांनीं झाडें लावलीं त्याच हातांनीं तीं तोडण्याचा प्रसंग कित्येकांवर आला. गिऱ्हाईक नाहींसें झालें होतें असें मात्र नव्हे. जग पूर्वींइतकीच कॉफी पीत होतें. बागाईतदारांनीं लावतांना पाहिला तो त्या दिवसाचा भाव, आणि विकतांना मिळाला तो सर्वांचा माल एकदम आल्यानंतरचा.

विक्रीच्या पद्धतीनेंहि नुकसानींत भर घातली. गांवचा खरेदीदार खत उधार देतो, अडीनडीस पैसा देतो, आणि शेतकरी आपली कॉफी त्याच्या वखारींत ठेवून भाव पुढें केव्हां तरी तोडतो. ही सोय वरवर बरी दिसते. परंतु वखारवाला मधल्या काळांत तोच माल विकून टाकतो, व बाजार उलटला म्हणजे दिवाळें काढतो. असे प्रकार दाक लाककडे वारंवार घडले असून त्यांत अनेक कुटुंबांची वर्षाची मेहनत बुडाली. आमच्याकडील अडत-पद्धतीचा ज्यांना अनुभव आहे, त्यांस ह्याचा अधिक खुलासा करण्याचें कारण नाहीं.

मिऱ्यांची वेल

कॉफीनें पोळलेले लोक मिऱ्यांकडे वळले. शतकाच्या आरंभींच व्हिएतनाम हा मिऱ्यांच्या निर्गतींत जगांत पहिला झाला. ज्या मलबारच्या मिऱ्यांसाठीं एके काळीं युरोपचीं गलबतें आपल्या किनाऱ्यास लागलीं, त्यासहि त्यानें मागें टाकलें. २०१५ च्या सुमारास किलोचा भाव दोन लाख डोंगपर्यंत गेला. डोंग हें तेथील चलन असून त्याची किंमत फार थोडी आहे. तरीहि त्या काळीं हा भाव कॉफीच्या पांच-सहापट होता. गिया लाय प्रांतांतील चू से भागांत मिऱ्यांवर बांधलेले मोठमोठे बंगले उभे राहिले, व ते पाहून शेजाऱ्यांनीं कर्जें काढलीं.

सरकारचा अंदाज असा होता कीं, २०२० पर्यंत मिऱ्यांखालीं ५० हजार हेक्टर, म्हणजे सुमारें सव्वा लाख एकर, जमीन असावी. २०१७ सालींच ती त्याच्या तिप्पट झाली. ज्या जमिनींत पाणी सांचतें, जेथें मिऱ्यांची वेल टिकत नाहीं, तेथेंहि ती चढविली गेली. एकच पीक एकमेकांस खेटून लाविलें म्हणजे रोगासहि रस्ता मोकळा होतो. मुळें कुजून वेली आठ-पंधरा दिवसांत माना टाकूं लागल्या, आणि त्याच वेळीं भाव घसरत घसरत २०२० पर्यंत चाळीस हजार डोंगांच्या आसपास आला. रिकामे खांब शेतांत उभे, आणि पेढीचें व्याज मात्र चालू, अशी स्थिति झाली. तरुण माणसें कामाच्या शोधार्थ शहरांतील कारखान्यांकडे गेलीं.

ड्युरियनची घाई

तिसरें पीक ड्युरियन नांवाच्या फळाचें. बाहेरून तें आपल्या फणसासारखें कांटेरी असून गरास उग्र वास असतो. चीनमधील नवश्रीमंत लोकांस ह्या फळाची अनिवार आवड लागली आहे. २०२२ च्या जुलैंत चीन व व्हिएतनाम यांच्यामध्यें ताज्या फळाच्या निर्गतीविषयीं करार झाला, आणि पुढील वर्षीं २०० कोटि डॉलरांहून अधिक किंमतीचीं फळें गेलीं. २०२४ सालीं हा आंकडा ३०० कोटींवर पोंचला. शेजारच्या देशाची वाढती संपत्ति म्हणजे काय, ह्याचें ह्याहून ठळक उदाहरण मिळणें कठीण.

पुढें जें घडलें तें वाचकांनीं ताडलेंच असेल. सरकारनें २०३० पर्यंत फार तर ७५ हजार हेक्टरांची मर्यादा सुचविली होती. २०२३ च्या अखेरीसच लागवड दीड लाखाच्या वर गेली. कॉफीचीं व मिऱ्यांचीं शेतें उपटून हीं झाडें लावण्यांत आलीं. मग २०२५ च्या जानेवारींत चीननें नियम घातला कीं, प्रत्येक खेपेबरोबर दोन तपासण्यांचे दाखले हवेत : एक कॅडमियम ह्या विषारी धातूचा, आणि दुसरा सालीस पिवळेपणा आणण्यासाठीं वापरल्या जाणाऱ्या एका अपायकारक रंगाचा. तपासणीच्या प्रयोगशाळा पुरेशा नव्हत्या. मालाच्या गाड्या सरहद्दीवर अडकल्या, कित्येक परत फिरल्या, व पहिल्या कांहीं महिन्यांत निर्गत एकदम घसरली. व्यवस्था लागल्यावर ती पुन्हां वाढली हें खरें. पण नाशवंत फळ व्यवस्था लागेपर्यंत थांबत नाहीं. रंग एखाद्या व्यापाऱ्यानें लावला असेल. धातु जमिनींतून किंवा हलक्या प्रतीच्या खतांतून आला असेल. शिक्षा मात्र सर्व बागाईतदारांस झाली.

आमच्या द्राक्षबागाईतदारांस हा प्रसंग परका वाटणार नाहीं. २०१० सालीं वेलीची वाढ रोखणाऱ्या एका औषधाचा अंश आढळल्यावरून युरोपांत आपलीं द्राक्षें अडकलीं आणि मोठें नुकसान सोसावें लागलें. मागाहून तपासणीची पद्धत कडक करण्यांत आली. बागेची नोंदणी, फवारणीची वही आणि प्रत्येक बागेच्या मालाची तपासणी ह्या गोष्टी आज आपल्या निर्गतदारांच्या अंगवळणीं पडल्या आहेत. तो शहाणपणा महाग पडला, परंतु फुकट गेला नाहीं.

भाव पुन्हां चढला, पण कोणासाठीं ?

आतां ह्या कथेंतील सर्वांत विचार करण्यासारखा भाग सांगतों. ज्या कॉफीस लोक कंटाळले होते, तिचा भाव २०२३ च्या आरंभीं किलोस सुमारें ४० हजार डोंग होता. तो २०२४ च्या एप्रिलांत १ लाख ३० हजारांवर गेला. अवर्षण, घटलेली लागवड व इतर देशांतील तुटवडा हीं त्याचीं कारणें. त्या वर्षीं देशानें पूर्वींहून कमी कॉफी पाठविली, तरी ५०० कोटि डॉलरांहून अधिक रक्कम प्रथमच मिळाली. मिऱ्यांचा भावहि त्याच साली दीड लाख डोंगांच्या घरांत पोंचला. ज्यांनीं दोन वर्षांपूर्वींच कॉफी उपटली त्यांच्या हातीं मात्र ह्यांतलें कांहींच आलें नाहीं. उलट कित्येक व्यापाऱ्यांनीं आगाऊ नीच भावानें करार केले होते. भाव चढतांच खालच्या दलालांनीं माल देण्याचें नाकारलें, आणि परदेशीं गिऱ्हाइकांपाशीं सबंध देशाच्या पतीस बट्टा लागला.

ह्या सर्व उलथापालथींत तरला कोण, हें पाहूं गेल्यास उत्तर साधें आहे. ज्या कुटुंबांनीं कॉफीच्या शेतांत सांवलीच्या झाडांवर मिऱ्यांच्या वेली चढविल्या, मधून मधून फळझाडें लाविलीं, आणि कोणतेंहि एक पीक सर्वस्व मानलें नाहीं, तीं टिकलीं. त्यांस चढत्या भावाच्या वर्षीं शेजाऱ्याइतका पैसा मिळाला नाहीं. पण पडत्या भावाच्या वर्षीं त्यांस जमीनहि विकावी लागली नाहीं. सांवलीमुळें ओल टिकते हा दुसरा लाभ. पठारावर भूमिगत पाण्याची पातळी उपशानें खालीं गेली असून २०१६ च्या दुष्काळांत अनेक विहिरी आटल्या. त्या वर्षीं मिश्र बागांचें महत्त्व पुष्कळांस उमगलें.

कोंकणच्या काजूशीं संबंध

व्हिएतनामचें आणखी एक पीक आपल्या जिव्हाळ्याचें आहे, तें काजूचें. पोर्तुगीज लोकांनीं हें झाड गोव्यास आणलें आणि तेथून तें कोंकणभर पसरलें. काजूगर जगास पुरविण्याच्या कामीं भारत अनेक वर्षें अग्रेसर होता. २००६ सालीं व्हिएतनामनें तें स्थान घेतलें. त्यानें हें कशाच्या बळावर साधलें ? बी फोडण्याचीं यंत्रें त्यानें आपल्याच देशांत बनविलीं, मजुरी कमी केली, आणि आफ्रिकेंतून व शेजारच्या कंबोडियांतून कच्ची बी आणून कारखाने बारमाही चालविले. नफा झाडाखालीं जितका असतो, त्याहून अधिक तो गर काढणें, सुकविणें, प्रतवारी करणें व डबा भरणें यांत असतो, हें त्या लोकांनीं ओळखलें.

परंतु त्यांतहि धोका आहेच. बहुतेक बी परक्याची असल्यामुळें तिचा भाव चढला कीं कारखाने अडचणींत येतात. आणि आयव्हरी कोस्टसारखे देश आतां आपली बी स्वतःच फोडूं लागले आहेत. २०२२ च्या मार्चमध्यें दुसराच एक प्रकार उघडकीस आला. इटलींतील गिऱ्हाइकांस म्हणून पाठविलेल्या काजूच्या सुमारें शंभर खेपा संकटांत सांपडल्या, कारण त्यांपैकीं अनेकांचीं मूळ कागदपत्रें पैसे चुकते होण्याआधींच भलत्याच्या हातीं गेलीं होतीं. ज्याच्यापाशीं मूळ कागद त्याचा माल, हा गलबतावरील व्यापाराचा नियम. न्यायालयें व वकिलात यांच्या द्वारें पुष्कळ खटपट करावी लागली. अनोळखी गिऱ्हाइकाशीं व्यवहार करतांना पेढीची हमी आधीं घ्यावी व माल मागून सोडावा, हा धडा त्यांतून सर्वांस मिळाला.

आमच्या कोंकणांत वेंगुर्ल्याच्या फळसंशोधन केंद्रानें तयार केलेल्या, वेंगुर्ला-४ व वेंगुर्ला-७ यांसारख्या सरस जाती आहेत; वेंगुर्ल्याच्या काजूस भौगोलिक मानांकनहि मिळालें आहे. घरचें बीं, घरची चव आणि नांवाची पत, ह्या तिन्ही गोष्टी आपल्यापाशीं असून, बी सुकवितांच ती दारावर आलेल्या व्यापाऱ्यास विकून टाकण्याचा प्रघात अद्याप पुष्कळ ठिकाणीं चालू आहे. बाहेरची स्वस्त बी बंदरांत उतरली कीं मग आपला भाव पडतो. पांच-पंचवीस बागाईतदारांनीं मिळून बी सांठवली व गर काढण्याचें काम गांवांतच चालविलें, तर भाव तोडण्याची घाई तरी उरणार नाहीं.

आपण काय घ्यावें ?

वरील हकीकतीवरून परदेशीं पेठेस भिऊन घरांत बसावें, असा अर्थ कोणीं काढूं नये. पेठेमुळेंच व्हिएतनामच्या खेड्यांत पक्कीं घरें आलीं, मुलें शाळेंत गेलीं, आणि ज्या देशास धान्य मागावें लागत होतें तो इतरांस धान्य पुरवूं लागला. प्रश्न आहे तो पेठेंत कोणत्या तयारीनें उतरावें हा.

आमच्या मतें मुख्य गोष्ट एकच : लागवड आजच्या भावावर करूं नये. ज्या पिकास फळावयास तीन-चार वर्षें लागतात, त्याचा विचार करतांना आज भाव काय आहे हें विचारण्याऐवजीं, आज किती लोक हीच रोपें नेत आहेत हें रोपवाटिकेंत जाऊन विचारावें. रोपांची गर्दी हीच पुढल्या मंदीची पहिली वर्दी असते. हंगामी पिकांनाहि हें लागू आहे. २०२३ सालीं आल्याचा भाव चढला तेव्हां आपल्याकडे किती ठिकाणीं आलें लागलें, आणि पुढें काय भावानें विकावें लागलें, हें सातारा व मराठवाडा भागांतील वाचक आम्हांपेक्षां चांगलें जाणतात.

बाकीच्या गोष्टी ह्याच विचारांतून निघतात. भावाचा अंदाज चुकणारच, म्हणून सर्व जमीन एका पिकास देऊं नये. पडत्या भावांत माल धरून ठेवतां यावा, म्हणून गोदाम व तारणकर्ज यांची सोय संस्थेमार्फत करावी. माल ठेवावा तो पावती देणाऱ्या व हिशेब दाखविणाऱ्या वखारींत ठेवावा. गिऱ्हाइकाचे नियम एका रात्रींत बदलतात, म्हणून खतें व औषधें यांची नोंदवही निर्गत होवो अथवा न होवो, प्रत्येकानें ठेवावी. आणि एकदां दिलेला शब्द भाव चढला तरी मोडूं नये. कारण पीक दर वर्षीं येतें, पण एकदां गेलेली पत लौकर परत येत नाहीं.

हीं कामें एकट्या शेतकऱ्याच्या आवांक्याबाहेरचीं आहेत, हें आम्ही जाणतों. रोपवाटिकांतून किती रोपें गेलीं ह्याची तालुकावार माहिती गोळा करणें, ती लागवडीपूर्वीं सभासदांस कळविणें, आणि माल एकत्र करून तपासणीसह विकणें, हीं कामें संस्थांचींच होत. व्हिएतनामच्या पठारावर भाव कळविणारे पुष्कळ होते. प्रत्येकाच्या खिशांतील दूरध्वनीवर लंडनचा भाव क्षणांत येत होता. शेजारच्या शेतांत काय व किती लागत आहे, हें सांगणारें मात्र कोणी नव्हतें. ही उणीव आपल्या तालुक्यापुरती जरी येत्या हंगामापूर्वीं भरून काढतां आली, तरी दूरच्या देशांतील बांधवांनीं दिलेली किंमत आपल्या उपयोगी पडली असें म्हणतां येईल.